‘लटिर’ : दूध संस्थेच्या पडद्यावरच्या लेबलांचं प्रकरण

"हे लटिर म्हंजे काय ओ?"

दूध घालायला आलेल्या एका काकूंनी खिडकीतून सचिवांना विचारलं. किटली रिकामी करून त्या पडद्याकडे बघत उभ्या होत्या. पडदा लावून तिसरा दिवस होता. तोवर दोनशेच्या आसपास सभासद सकाळ-संध्याकाळ त्याच्यासमोरून गेले होते आणि कुणी काही बोललं नव्हतं. सचिवांनाही ते दिसलं नव्हतं, मलाही नाही. आम्ही सगळे पहिल्या चौकटीत लिटर असणार हे धरूनच बघत होतो. काकू अक्षराला अक्षर लावून वाचतात, त्यामुळे जे लिहिलंय तेच त्यांनी वाचलं. पडद्यावर खरोखरच ‘लटिर’ लिहिलेलं होतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातली ही दूध संस्था. प्रोग्रॅम मी लिहिला होता, म्हणून चूक शोधायची जबाबदारीही माझीच. या एका शब्दापासून सुरू झालेलं काम पुढे तीन आठवडे चाललं. टीकिंटर म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पडदे बांधायचं साधन. त्यात लेबल, म्हणजे मजकूर किंवा चित्र दाखवणारी पेटी, ही सगळ्यात साधी वस्तू मानली जाते, शिकवणीच्या पहिल्या पानावर ती येते आणि पुढे तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. मराठीत पडदा करायचा असेल तर तसं चालत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

काय हवं होतं

संस्थेत आधीपासून इलेक्ट्रॉनिक काटा होता, दूध तपासायचं यंत्र होतं आणि पावती छापायचा छोटा प्रिंटर होता. यंत्राचा आकडा आत बसलेल्या माणसाला दिसायचा, बाहेर उभ्या सभासदाच्या हातात थेट पावती यायची. फॅट किती लागली हे कळेपर्यंत दूध कॅनमध्ये गेलेलं असायचं. गायीच्या दुधाचं दरपत्रक ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा पाया धरून बनतं, त्याच्या वर-खाली प्रत्येक दशांशाला दर बदलतो. आपला आकडा लागतो त्या क्षणी आपल्याला दिसावा, एवढीच सभासदांची मागणी होती, आणि ती अगदी रास्त होती.

म्हणून खिडकीबाहेर दुसरा पडदा टांगायचा ठरला. वर सभासद क्रमांक आणि नाव. खाली पाच चौकटी : लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. तळाला सूचनेची एक ओळ. काटा आणि तपासणी यंत्र सीरियल केबलने जोडलेले, मध्ये रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, ज्याला दोन पडदे जोडता येतात. आतला पडदा सचिवांचा, बाहेरचा सभासदांचा.

टीकिंटर निवडलं कारण पायथन मला येतं, आणि एवढ्याशा पडद्याला मोठा पसारा नको होता. बाहेरच्या पडद्यावर बटण नाही, टंकायची जागा नाही, यादी नाही. सगळी लेबलंच. चौदा लेबलं.

पहिली मांडणी

लेबल करायचं म्हणजे त्याला आधी त्याचा पालक सांगायचा, म्हणजे कुठल्या विंडोत किंवा फ्रेममध्ये ते राहणार. मग मजकूर, फॉन्ट, अक्षराचा रंग, पाठीमागचा रंग. एवढं केलं तरी ते पडद्यावर येत नाही, त्याला ग्रिड किंवा पॅकने जागा द्यावी लागते. शिकाऊ मुलं इथे हटकून एक चूक करतात, ती आधीच सांगतो : लेबल बनवायचं आणि त्याच ओळीत पुढे टिंब देऊन ग्रिड लिहायचं, आणि हे सगळं एका नावात साठवायचं. ग्रिड काहीच परत देत नाही, त्यामुळे त्या नावात लेबल न राहता नुसतं ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, राहतं. पडद्यावर लेबल दिसतं, पण नंतर त्याचा मजकूर बदलायला गेलात की प्रोग्रॅम पडतो. जे लेबल पुढे बदलायचं आहे त्याला दोन ओळी द्याव्यात : एक बनवायची, एक बसवायची.

चौदा लेबलांचे मी दोन गट केले. एक मथळे, म्हणजे ‘लिटर’, ‘फॅट’, ‘दर’ वगैरे, जे कधी बदलत नाहीत. दुसरे आकडे, जे दर अर्ध्या मिनिटाला बदलतात. तेव्हा हे फक्त सोयीसाठी केलं होतं. पुढे सगळी सुटका याच विभागणीवर झाली.

आकड्यांसाठी एकच फॉन्ट वस्तू बनवली आणि पाचही लेबलांना तीच दिली. याचा फायदा असा की आकार बदलायचा झाला तर एका ठिकाणी बदलला की पाचही आकडे एकदम मोठे होतात. खिडकीपासून माणूस किती लांब उभा राहतो, पुढच्याच्या खांद्यावरून मागच्याला दिसतं का, हे तिथे उभं राहूनच ठरतं. सचिव बाहेर जाऊन उभे राहिले, मी आतून आकार वाढवत गेलो.

आकाराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. टीके म्हणजे टीकिंटरच्या आतलं पडदे रंगवणारं मूळ साधन. त्यात फॉन्टचा आकार धन दिला तर तो पॉइंटमध्ये धरला जातो, आणि एका पॉइंटचे किती पिक्सेल हे पडदा स्वतःबद्दल काय सांगतो त्यावर ठरतं. आमचा बाहेरचा पडदा म्हणजे जुना टीव्ही, त्यामुळे लॅपटॉपवर बरोबर बसलेली अक्षरं तिथे चौकट सोडून बाहेर आली. आकार ऋण दिला, म्हणजे उणे ९६, तर तो थेट पिक्सेलमध्ये धरला जातो. टांगलेल्या पडद्यासाठी मी आता नेहमी ऋण आकारच देतो.

पडदा का थरथरत होता

पहिल्या चाचणीत आकडा बदलला की सगळा पडदा डावी-उजवीकडे हलायचा. ८.५० वरून १२.२५ झालं की लिटरची चौकट फुगायची, शेजारच्या सरकायच्या. लेबल स्वतःच्या मजकुराएवढी जागा मागतं आणि ग्रिड ती देतं, म्हणून हे होतं. चुकीचं काही नाही, पण वाचणाऱ्याची नजर ठरत नाही.

यावर उपाय म्हणजे लेबलाला रुंदी ठरवून देणे. मजकूर दाखवणाऱ्या लेबलाची रुंदी अक्षरांत मोजतात, आणि हे माप घेताना टीके त्या फॉन्टमधलं इंग्रजी शून्य किती रुंद आहे ते बघतं. मी आकडे मराठीत दाखवत होतो. १, २, ३ यांची रुंदी त्या शून्याशी जुळेल असं काही नसतं. सहा अक्षरांची रुंदी दिली म्हणून सहा मराठी अक्षरं मावतीलच असं नाही. त्यात मी आकडे उजवीकडे टेकवले होते, दशांशचिन्हं एकाखाली एक यावीत म्हणून. उजवीकडे टेकवलेला आकडा मावला नाही तर डावीकडचा अंक कापला जातो, आणि रकमेत डावीकडचा अंकच मोठा असतो. शेतकऱ्याच्या पैशाच्या आकड्यात असं कधीच होता कामा नये. म्हणून रुंदी अंदाजाने न देता, येऊ शकेल असा सगळ्यात मोठा आकडा त्याच फॉन्टने मोजून घेतला आणि ग्रिडच्या रकान्याची किमान रुंदी तेवढी बांधली.

टेकवण्यासाठी दोन पर्याय आहेत आणि दोन्हींची गल्लत होते : अँकर आणि जस्टिफाय. पेटीत जागा जास्त आहे, मजकूर लहान आहे, तर तो पेटीच्या कुठल्या कडेला बसावा हे अँकर ठरवतो. मजकुराच्या ओळी एकाहून जास्त आहेत, तर त्या एकमेकींशी कशा जुळवाव्यात हे जस्टिफाय ठरवतो. एकाच ओळीच्या लेबलाला जस्टिफाय डावीकडे दिला तर काहीच हलत नाही. दोन्ही मुळात मध्यावर असतात.

दुसरी विंडो, मुकी लेबलं

आतल्या पडद्यावर आकडे बदलायचे आणि बाहेरचा कोरा राहायचा, असा एक संपूर्ण दिवस गेला. दोन पडद्यांना दोन विंडो हव्या होत्या, म्हणून मी टीकेची मूळ विंडो दोनदा बनवली. लेबलांना मजकूर थेट न देता स्ट्रिंगव्हार जोडला होता, म्हणजे एकदा त्यात आकडा घातला की दोन्ही पडद्यांवर एकदमच दिसेल. कल्पना चांगली होती, पण मूळ विंडो दोनदा बनवली की आत टीसीएल भाषेचे दोन वेगळे दुभाषे (इंटरप्रिटर) सुरू होतात. जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ साली बर्कली विद्यापीठात टीसीएल बांधायला घेतली, टीके तिच्या खांद्यावर उभं आहे, आणि पायथनचं टीकिंटर आजही प्रत्येक काम टीसीएलला सांगूनच करून घेतं. स्ट्रिंगव्हार हा त्या दुभाष्याकडे ठेवलेला एक चल असतो. पालक सांगितला नाही तर तो पहिल्या विंडोच्या दुभाष्याकडे जातो. दुसऱ्या विंडोतलं लेबल त्याच नावाचा चल स्वतःच्या दुभाष्याकडे शोधतं, तिथे नसतो म्हणून रिकामा बनवून घेतं आणि त्याच्याकडे बघत बसतं. चूक म्हणून काही छापलं जात नाही.

मूळ विंडो एकच ठेवायची आणि बाकीच्या टॉपलेव्हलने बनवायच्या, हा त्यावरचा उपाय. बदल एका शब्दाचा होता.

पुन्हा ‘लटिर’कडे

हे सगळं लॅपटॉपवर, विंडोजमध्ये, नीट चाललं होतं. ‘लिटर’ हे ‘लिटर’च दिसत होतं. रास्पबेरी पायवर लिनक्स असतं, तिथे ते ‘लटिर’ झालं. काकूंनी दाखवल्यावर मी पडद्यासमोर उभा राहून एकेक शब्द त्यांच्यासारखा वाचला. ‘दिनांक’ हा ‘दनिांक’ झाला होता. ‘रक्कम’मधल्या पहिल्या क चा पाय मोडलेला उघडाच दिसत होता, ‘रक्‌कम’ असा. ‘म्हैस’ची ‘म्‌हैस’, ‘क्रमांक’चा ‘क्‌रमांक’. तळाच्या सूचनेत ‘शेतकऱ्यांनी’ हा शब्द होता, त्यात र खाली टिंब, मग मोडलेला पाय, मग सुटा या. ‘गाय’, ‘फॅट’, ‘दर’, ‘दूध’, ‘एकूण’ मात्र जसेच्या तसे. पडद्यावरचे मोठ्या अक्षरातले निम्मे शब्द असे बिनजोडाक्षरांचे होते म्हणूनच ही चूक तीन दिवस लपली.

पहिला संशय फॉन्टवर गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. मी लेबलांना निर्मला यूआय हा विंडोजबरोबर येणारा फॉन्ट सांगितला होता, तो पायवर नव्हताच. सांगितलेला फॉन्ट नसला तर टीके तक्रार करत नाही, गुपचूप दुसरा वापरतं. खरा कुठला मिळाला हे फॉन्ट वस्तूला तिच्या ‘ॲक्च्युअल’ या कार्याने विचारावं लागतं. नोटो सान्स देवनागरी बसवला, विचारून खात्री केली. अक्षरं सुबक झाली आणि ‘लटिर’ तसंच राहिलं.

मग जी तपासणी आधीच करायला हवी होती ती केली. त्याच पायवर मजकूर लिहायचा साधा संपादक उघडला, तोच फॉन्ट लावला आणि ‘लिटर’ टंकलं. तिथे ते बरोबर दिसलं. फॉन्ट तोच, यंत्र तेच, शब्दही तोच. म्हणजे बिघाड टीकेच्या अक्षरं रंगवण्याच्या पद्धतीत होता.

कारण असं. युनिकोडमध्ये ‘लि’ साठवताना आधी ल येतो, मग पहिली वेलांटी. उच्चाराचा क्रम तोच, म्हणून साठवणही तशी. पण डोळ्याला वेलांटी ल च्या आधी दिसायला हवी. साठवणीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम यांच्यात जो फेरफार करावा लागतो, जोडाक्षर आलं की दोन अक्षरांच्या जागी एक आकृती निवडावी लागते, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवावा लागतो, या सगळ्याला शेपिंग म्हणतात. विंडोजमध्ये हे काम विंडोजच करून देतं, टीकेला कळतही नाही. मॅकवरही तसंच. लिनक्सवर टीके ८.६ हे एक्सएफटी नावाच्या थराकडे अक्षरं सोपवतं, आणि तो थर एकामागून एक आकृती मांडत जातो. ल मांडला, वेलांटी मांडली, ट मांडला. वेलांटीची आकृती पुढच्या अक्षरावर कमान टाकते, म्हणून ती ट ची वाटते. टीकेला युनिकोड १९९९ पासून, ८.१ आवृत्तीपासून येतं. अक्षर कुठलं हे त्याला ठाऊक आहे, ती एकमेकांशी कशी जुळतात हे या थराला ठाऊक नाही.

चुकीचा उपाय, जो मी एक रात्र केला

वेलांटी उशिरा येते ना, मग साठवतानाच ती अक्षराच्या आधी ठेवली तर? ज्यांनी शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर डीटीपीचं काम केलंय त्यांच्या हाताला हीच सवय आहे, तिथे पहिली वेलांटी आधीच दाबावी लागायची. एक छोटं कार्य लिहून मी प्रत्येक पहिली वेलांटी एक अक्षर मागे ढकलली. पडद्यावर ‘लिटर’ आलं आणि मला झोप लागली.

सकाळी पावती छापली तेव्हा सभासदाच्या नावात वेलांटीच्या आधी एक तुटक वर्तुळ छापून आलं. प्रिंटरकडे जाणारा मजकूर दुसऱ्या वाटेने, नीट शेपिंग होऊन जात होता, आणि त्याला आधाराविना आलेली वेलांटी म्हणजे चूकच. नावांची यादी अकारविल्हे लावली तर ‘विठ्ठल’ व मध्ये न येता कुठेतरी भलतीकडेच. आणि एवढं करूनही जोडाक्षरांचा प्रश्न सुटलेला नव्हता : अर्ध्या म ला, अर्ध्या क ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागाच नाही, त्या आकृत्या फक्त फॉन्टच्या आत असतात. दाखवण्याच्या सोयीसाठी साठवलेला मजकूर वाकवायचा नाही, हे त्या सकाळपासून माझ्यापुरतं पक्कं झालं. नावं पुन्हा मूळ नोंदवहीवरून भरली.

दोन वाटा

एक वाट म्हणजे टीकिंटर सोडून क्यूटी घेणं. क्यूटी आणि जीटीके दोन्हींमध्ये हार्फबझ हे शेपिंगचं यंत्र आत असतं, त्यांच्या लेबलात मराठी घातली की ती आपोआप बरोबर दिसते. आज कुणी नवा मराठी पडदा लिनक्ससाठी बांधत असेल तर मी त्याला हीच वाट सांगेन, आढेवेढे न घेता. टीकिंटर मला आवडतं म्हणून ते तिथे रेटू नये.

पण इथे पडदा चालू होता, सचिवांच्या आतल्या विंडोत याद्या, दुरुस्त्या, बिलाचा हिशोब असं पुष्कळ काही बांधून झालं होतं, आणि संकलन एक वेळही थांबवता येत नाही. गायी-म्हशी प्रोग्रॅमची वाट बघत नाहीत. म्हणून दुसरी वाट धरली : जिथे शेपिंग लागतं तिथे लेबलात मजकूर न घालता मजकुराचं चित्र घालायचं.

इथे ती जुनी विभागणी कामी आली. मथळ्यांत वेलांट्या आणि जोडाक्षरं आहेत, पण मथळे बदलत नाहीत. आकडे सतत बदलतात, पण ० ते ९ या अंकांना शेपिंग लागतच नाही, प्रत्येक अंक आपल्या जागी सुटा उभा असतो. म्हणजे मथळ्यांची चित्रं प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच बनवायची, आणि आकडे पूर्वीसारखे साध्या मजकुराच्या लेबलात ठेवायचे. इंग्रजी अंकांचे मराठी अंक करायला पायथनचं ट्रान्सलेट पुरतं.

चित्रं बनवायला पिलो ही लायब्ररी. तिच्यात अक्षरं मांडायची दोन यंत्रं आहेत : एक साधं, जे टीकेसारखंच ‘लटिर’ लिहितं, आणि दुसरं राक्म, जे हार्फबझ वापरतं. राक्म हाताशी असेल तर पिलो आपणहून तेच घेतं, नसेल तर न बोलता साध्यावर उतरतं. पायवर राक्म चाललं. गंमत म्हणजे आता लॅपटॉपवर ‘लटिर’ दिसू लागलं, कारण विंडोजवर राक्मला लागणारी फ्रायबिडी या मदतनीस लायब्ररीची फाइल वेगळी आणून ठेवावी लागते. पिलोच्या ‘फीचर्स’ मॉड्यूलला राक्म आहे का असं विचारता येतं. तो प्रश्न मी प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच टाकला आणि उत्तर नाही आलं तर प्रोग्रॅम पुढे जाऊच द्यायचा नाही असं ठरवलं. चुकीचं मराठी दाखवण्यापेक्षा सुरू न होणं बरं.

या वाटेवर एक अनपेक्षित लाभ झाला. पिलोला मजकूर लिहिताना भाषा सांगता येते. मराठी सांगितली, की ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात तिथे ते वापरले जातात. आपल्या शाळेत शिकवलेला ल आणि हिंदीचा ल वेगळा आहे. जिने अक्षरं शाळेतल्या वळणाने गिरवली, तिला पडद्यावर तेच वळण भेटावं असं मला वाटतं. टीकेच्या लेबलाला भाषा सांगायची सोयच नाही.

चित्राचं लेबल वेगळं वागतं

मजकुराच्या जागी चित्र आलं की लेबलाचे काही नियम बदलतात. मी मथळ्यांना आठ अक्षरांची रुंदी दिली होती, ती तशीच राहिली. चित्र असलेल्या लेबलात हाच आकडा पिक्सेलमध्ये धरला जातो. पडद्यावर मथळ्यांच्या जागी आठ पिक्सेलच्या उभ्या फटी दिसू लागल्या. रुंदी काढून टाकली, मग चित्र स्वतःच्या मापाने बसलं.

ते झाल्यावर मथळे मुळी दिसेचनात. जागा होती, चित्र नव्हतं. हे टीकिंटरचं जुनं दुखणं आहे. लेबल चित्राचं फक्त नाव लक्षात ठेवतं, चित्र जपून ठेवायचं काम पायथनकडे असतं. मी चित्र एका कार्याच्या आत बनवून लेबलाला दिलं होतं. कार्य संपलं, पायथनच्या लेखी ते चित्र कुणालाच नको होतं, त्याने ते टाकून दिलं. लेबलाच्याच एका गुणधर्मात चित्र अडकवून ठेवलं की लेबल आहे तोवर तेही राहतं.

आणि एका लेबलाला मजकूर आणि चित्र दोन्ही दिलं तर चित्रच दिसतं, कंपाउंड हा पर्याय वेगळा सांगितल्याशिवाय. याचा मी उपयोग करून घेतला : प्रत्येक मथळ्याला चित्राबरोबर मूळ शब्दही मजकूर म्हणून दिला आहे. तो पडद्यावर दिसत नाही, पण पुढे कोड वाचणाऱ्याला, किंवा सहा महिन्यांनी मलाच, कुठलं लेबल कशाचं ते विचारून कळतं.

नावं, आणि पुसण्याची वेळ

सभासदांची नावं या दोन्ही गटांत बसत नव्हती. ती बदलतात आणि त्यांत ‘ज्ञानेश्वर’, ‘सर्जेराव’, ‘श्रीमती’ असं सगळंच असतं. पण एखादं नाव पहिल्यांदा लागलं की त्याचं चित्र बनवायचं आणि क्रमांकाखाली एका कोशात ठेवायचं, एवढं पुरलं. दोन दिवसांत रोज येणाऱ्यांची नावं कोशात आली. कोश म्हणजे पायथनचा साधा डिक्शनरी प्रकार, त्यामुळे चित्र टाकून दिलं जाण्याचा प्रश्नही मिटला. नाव सचिवांनी दुरुस्त केलं तर त्या क्रमांकाचं चित्र काढून टाकावं लागतं. हे मी विसरलो होतो, एका सभासदाचं जुनं नाव चार दिवस झळकत राहिलं आणि ते स्वतः सांगायला आले.

पडदा पुसण्यात एक चूक सापडली ती या सगळ्यापेक्षा गंभीर होती. माणूस गेल्यावर वीस सेकंदांनी आकडे पुसले जावेत म्हणून आफ्टर, म्हणजे ठरलेल्या वेळाने काम करायला लावणारं टीकिंटरचं कार्य, वापरलं होतं. पहिल्याचं दूध लागलं, वीस सेकंदांचा गजर लागला. पंधराव्या सेकंदाला दुसऱ्याचं लागलं. पाच सेकंदांनी पहिल्याचा गजर वाजला आणि दुसऱ्याचे आकडे पुसून गेला. सकाळी गर्दीत माणसं एकामागून एक येतात तेव्हाच हे व्हायचं, दुपारी एकट्याने तपासताना कधीच नाही. आफ्टर जो क्रमांक परत देतं तो जपून ठेवायचा आणि नवा गजर लावण्याआधी जुना आफ्टर-कॅन्सलने रद्द करायचा. आकडा दिसण्यासाठीच पडदा लावलेला, आणि काही जणांना तो पाचच सेकंद मिळत होता.

केबलवरून येणारे आकडे वाचायला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्येच समांतर चालणारं काम, आहे. त्या थ्रेडमधून लेबलाला हात लावलेला नाही, तो फक्त रांगेत आकडा टाकतो आणि मुख्य विंडो दर २०० मिलिसेकंदांनी रांग बघून जाते. यात त्रास कधी झाला नाही.

तळाची सूचना

सूचनेची ओळ शेवटपर्यंत छळत राहिली. मजकुराच्या लेबलाला रॅपलेंग्थ पिक्सेलमध्ये दिली की ते स्वतः ओळ मोडतं. मजकुराचं चित्र केल्यावर ती सोय गेली, चित्राची घडी घालता येत नाही. मग शब्द एकेक करून पिलोकडून मोजून घेतले, पडद्याच्या रुंदीत मावतील तेवढे एका ओळीत, उरलेले पुढच्या. ओळ फक्त शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेतच मोडायची, शब्दाच्या पोटात कधीच नाही. तरीही सूचना दोन ओळींपेक्षा लांब झाली की वरच्या आकड्यांची उंची खाते. सचिवांना सांगितलं की दोन ओळींत बसेल एवढंच लिहा. ते म्हणाले, "बोनसची सूचना दोन ओळींत कशी बसवायची ते तुम्हीच सांगा." तिच्यासाठी शेवटी वेगळा पडदा केला, संकलन नसताना दिसणारा, फक्त एका मोठ्या लेबलाचा.

आता पहाटे प्रोग्रॅम सुरू झाला की दोन्ही पडद्यांवर आधी सात शब्द येतात : लिटर, प्रति, क्रमांक, म्हैस, संध्याकाळ, सर्जेराव, शेतकऱ्यांनी. पहिली वेलांटी, रकार, जोडाक्षर, रफार आणि आपला अर्धा र, सगळं त्यात आलं. सचिव बाहेर येऊन ते वाचतात, आत जाऊन कळ दाबतात, मगच काटा उघडतो.